नववीतच हिशेब करू या

(हंगामाच्या उपासनेनंतर वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच बाहेर मांडवात एका भोपळ्याचा लिलाव झाला. बाजारात चाळीस रुपयांना मिळेल असा तो भोपळा 1,150 रुपयांना गेला, आणि ज्या काकांनी तो घेतला त्यांनी तो लगेच पुन्हा लिलावाला ठेवला. ते पैसे आमच्या मुलांसाठी येणार आहेत. मी मागे उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. तुमचं प्रेम असं वर्षानुवर्षं आमच्यापर्यंत येतं. त्यात कधी खंड पडला नाही.

दरवर्षी मी इथे दहावीचा निकाल घेऊन येते. किती बसले, किती पास झाले, पहिला कोण आला ते सांगते, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. यंदाचाही निकाल चांगला आहे, तो अंकात छापून येईलच. पण आज मला दहावीबद्दल नाही, तिच्या आधीच्या वर्षाबद्दल बोलायचं आहे. नववीबद्दल. आणि बोलताना माझी एक चूकही तुमच्यापुढे मांडायची आहे.

प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला, तो तुम्हां सर्वांना माहीत आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो आहे. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा लागतो. नाहीतर पाया घालून होतो आणि पुढचं काम तसंच राहून जातं. प्रभूने तो दाखला शिष्य होण्याची किंमत समजावी म्हणून सांगितला, हे मला ठाऊक आहे. पण गेली काही वर्षं मी तो वाचते तेव्हा मला आमच्या वसतिगृहातली मुलंच दिसतात. दहावी म्हणजे पाया. आम्ही पाया घालत होतो, त्याचा फोटो काढत होतो आणि तुम्हांला पाठवत होतो. बुरूज पुरा होईल का, हे मात्र कोणी बसून मोजलंच नव्हतं.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव सांगत नाही.

सुमारे आठ वर्षांपूर्वी ती आमच्याकडून दहावी झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्याच भागातली, घरात मावची बोलणारी. आईवडील विश्वासात आलेले, पावसाळ्यात थोडी शेती करणारे आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. ती पाचवीपासून आमच्याकडे होती. दहावीला तिला 78 टक्के मिळाले. तिच्या गावात एवढे गुण तोवर कोणाला पडले नव्हते. तिला नर्स व्हायचं होतं. निकालाच्या दिवशी आम्ही पेढे वाटले, प्रार्थना केली, आणि तुमच्यापुढे तिचा फोटो दाखवला. काहींना आठवत असेल.

ती विज्ञान शाखेत अकरावीला गेली आणि डिसेंबरात कॉलेज सोडून घरी आली.

काय झालं, ते मी नंतर तिच्याजवळ बसून एकेक करून विचारलं. तिनं सांगितलेल्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. आमच्याकडे ती सगळं मराठीतून शिकली. मुळात मराठी हीसुद्धा तिची घरची भाषा नव्हे, ती तिनं शाळेत येऊन मिळवली होती. अकरावी विज्ञानाला पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत, प्रश्नपत्रिका इंग्रजीत. बल, वेग, आम्ल, पेशी हे शब्द तिला पक्के येत होते. फोर्स, व्हेलॉसिटी, ॲसिड, सेल हे कानावरून गेले तरी आपण हेच शिकलोय हे तिला उमगत नव्हतं. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्राला तिला 25 पैकी 6 गुण पडले. ती मला म्हणाली, “बाई, मला उत्तर येत होतं. प्रश्नच कळला नाही.”

दुसरी गोष्ट कागदांची. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा हवी तर जातीचा दाखला लागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जालाही लागतो. आमच्या वसतिगृहात आम्ही असा दाखला कधी मागितलाच नव्हता, त्यामुळे तो नव्हता. काढायला गेलो तर शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ असं लिहिलेलं. वडिलांच्या दाखल्यावरही तेच. शिवाय आडनावाचा घोळ: मुलीच्या कागदावर ‘गावित’, वडिलांच्या आधार कार्डावर ‘गावीत’. एका वेलांटीसाठी सेतू केंद्रातून तीनदा परत यावं लागलं. तोवर वसतिगृहाच्या अर्जाची मुदत गेली. शिष्यवृत्तीचीही गेली.

तिसरी गोष्ट पैशांची आणि घराची. वसतिगृह नाही म्हटल्यावर ती रोज एसटीने जाऊन-येऊन दीड-दीड तास प्रवास करू लागली. पासाचे, पुस्तकांचे, प्रयोगवहीचे पैसे वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून दिले. उचल घेतली की ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. दिवाळीनंतर आईवडील निघाले. घरी आजी आणि धाकटी भावंडं राहिली. त्या घराला तेव्हा कॉलेजातल्या मुलीपेक्षा चूल सांभाळणारी मुलगी जास्त हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई, यात तुमची काय चूक? चूक अशी की या तिन्हींपैकी एकही गोष्ट अकरावीत सुरू झालेली नव्हती. तिन्ही नववीत आमच्या डोळ्यांसमोर होत्या. शब्द नववीत शिकवता आले असते. रकाना नववीत दुरुस्त करता आला असता. आईवडिलांशी उचलीबद्दल नववीत बोलता आलं असतं. मी तिला पाच वर्षं रोज ताटावर बघितलं, पण नववीच्या जूनमध्ये तिला समोर बसवून “पुढे काय करायचं आहे, आणि त्याला काय काय लागेल?” असं एकदाही विचारलं नाही. दहावी पास झाली की पुढचं देव बघेल, असं मी म्हणत होते. देव बघतोच. पण त्यानं मला तिच्याजवळ ठेवलं होतं ते बघण्यासाठीच.

नववीच का, तेही सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं. तोपर्यंत मूल शाळेत आलं नाही तर गुरुजी घरी विचारायला येतात. दहावीला बोर्डाची परीक्षा असते, म्हणून घरचे सांभाळून घेतात, “यंदा तिला नेऊ नका, बोर्डाचं वर्ष आहे,” असं आजीसुद्धा म्हणते. मधली नववी मात्र कोणाचीच नसते. तिला ना कायद्याचा धाक, ना बोर्डाचा. ऊसतोडीला जाताना मूल सोबत न्यायचं तर नववीचंच नेलं जातं. मुलीला मागणी येते तीही बहुधा याच वर्षी. गळती दहावीच्या निकालात दिसते, पण मूल निसटतं ते नववीत.

तर आम्ही काय बदललं ते थोडक्यात सांगते. हे काही मोठं शास्त्र नाही. आमच्याच चुकांतून शिकलेलं आहे.

यंदा आमच्याकडे नववीत 11 मुलं-मुली आहेत. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला मी एकटं बसवते आणि एक साधी वही उघडते. डाव्या पानावर त्याला काय आवडतं, काय जमतं, काय व्हावंसं वाटतं. उजव्या पानावर त्यासाठी दहावीनंतर कुठल्या दारातून जावं लागेल. चौदा वर्षांच्या मुलाकडून आयुष्याचा निर्णय मागायचा नाही. त्याचं मन दहादा बदलेल, बदलू दे. पण कुठलं दार कधी बंद होतं, हे मात्र त्याला माहीत हवं.

कारण दारं खरंच बंद होतात. नर्सिंगची पदवी घ्यायची तर बारावी विज्ञानाला जीवशास्त्र असावं लागतं. अकरावीला कला शाखा घेतल्यावर त्या वाटेने परत येता येत नाही. डॉक्टर व्हायचं तर बारावी विज्ञान आणि नीट. इंजिनिअरिंगला मात्र दोन वाटा आहेत, बारावी विज्ञानानंतर सीईटी देऊन, किंवा दहावीनंतर थेट तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाला जाऊन आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन. ही दुसरी वाट आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. आयटीआय आहे, एक-दोन वर्षांत हाताला काम देणारं. कला शाखेतून पदवी घेऊन स्पर्धा परीक्षा देता येते. विज्ञान हेच मोठं आणि बाकीचं कमी, असं मी आता म्हणत नाही. त्या मुलीला मी गुण बघून विज्ञानाला ढकललं, तयारी बघितली नाही.

दुसरं काम गणिताचं. मी मूळची गणिताची शिक्षिका. नववीच्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न देते: अर्धा अधिक एक तृतीयांश किती? यंदा 11 पैकी 8 जणांनी ‘दोन पंचमांश’ लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही मुलं आठवी पास आहेत. त्यांच्यापुढे नववीत बहुपदी आणि दोन चलांतील समीकरणं येऊन उभी राहतात. अपूर्णांक येत नसताना बीजगणित शिकवणं म्हणजे ओल्या मातीवर भिंत चढवणं. म्हणून गणेशोत्सवाच्या सुटीपर्यंत आम्ही संध्याकाळी एक तास फक्त मागचं राहिलेलं घेतो. पाचवी-सहावीचं पुस्तक काढायला मुलांना लाज वाटते. म्हणून मी स्वतः ते पुस्तक हातात घेऊन त्यांच्यात जमिनीवर बसते.

तिसरं काम शब्दांचं. भिंतीवर एक फळा आहे. रोज विज्ञान-गणितातले पाच मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी शब्द, देवनागरीत आणि रोमन लिपीत. जेवणाच्या रांगेत उभं राहायचं तर त्यातला एक सांगायचा. नववी-दहावी मिळून मुलांच्या तोंडात इतके शब्द बसतात की अकरावीचा वर्ग त्यांना परका वाटत नाही. ज्यांना पुढे कला शाखेला जायचं असेल त्यांचंही यात नुकसान नाही.

चौथं काम कागदांचं, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण हा आपल्या मंडळ्यांचा प्रश्न आहे.

अनेक विश्वासी कुटुंबांना वाटतं की ख्रिस्ती झालो म्हणजे आदिवासी म्हणून मिळणाऱ्या सवलती गेल्या. काहींना ते कोणीतरी दटावून सांगितलेलं असतं. खरी गोष्ट अशी की 1950 साली राष्ट्रपतींनी काढलेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, आणि या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. मावची, गावित, भिल्ल, पावरा, वारली, कोकणा असा जो कोणी असेल तो ख्रिस्ती झाल्याने जमातीतून बाहेर पडत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत, त्यांवर त्याचाही हक्क आहे.

पण हक्क असणं वेगळं आणि तो कागदावर सिद्ध होणं वेगळं. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो. पुढे राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर तपासणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे, जमल्यास 1950 च्या आधीचे पुरावे शोधावे लागतात. शाळेच्या नोंदी, जमिनीची कागदपत्रं, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. त्या नोंदींत जमातीचं नाव असेल तर काम सोपं होतं. तिथे फक्त ‘ख्रिश्चन’ असेल तर वर्षं जातात.

आणि हा शब्द तिथे लिहिला कोणी? पुष्कळदा आपल्याच माणसांनी. मूल शाळेत घालायला जो प्रचारक, जी शिक्षिका बरोबर गेली, तिनं प्रेमाने आणि अभिमानाने तो लिहवला. आपण मंडळीत जात मानत नाही, म्हणून त्या रकान्यात जात लिहायची नाही, असं त्यांना वाटलं. त्यांचं मन शुद्ध होतं. पण त्या रकान्यात जमातीचं नाव लिहिणं म्हणजे भेदभाव मानणं नव्हे. ते मूल कोणत्या लोकांतून आलं याची ती खरी नोंद आहे. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती, जातीच्या रकान्यात मावची. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही उघडपणे लिहायचं आहे. काही लपवायचं नाही.

मूल शाळेत शिकत असताना अशी नोंद मुख्याध्यापकांमार्फत, पुराव्यासह, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्त करता येते. शाळा सोडल्यावर आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव छापून आल्यावर तेच काम फार जिकिरीचं होतं. म्हणून जुलै-ऑगस्ट हे आमचे कागदांचे महिने. प्रत्येक नववीच्या मुलाची एक फाइल. जन्मदाखला, आधार, शाळेची नोंद, रेशनकार्ड, वडिलांचे कागद एकत्र मांडायचे आणि नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवायची. मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. मुलाच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खाते, कारण शिष्यवृत्ती खात्यातच येते. नववी-दहावीच्या आदिवासी मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते आणि पुढे मॅट्रिकोत्तर. तिला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. गुणवत्तेची एक राष्ट्रीय शिष्यवृत्तीही आहे, नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, पण तिची परीक्षा आठवीतच असते. म्हणून आता आमचं विचारणं आठवीच्या जूनपर्यंत मागे सरकलं आहे.

एका मुलाची वंशावळ जुळत नव्हती. आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. शेवटी आमच्या जुन्या पाळकांनी ठेवलेल्या बाप्तिस्म्याच्या वहीत ते पूर्ण सापडलं, गावाच्या नावासकट. त्यावरून पुढचा शोध लागला. तुमच्यापैकी कोणाच्या मंडळीत अशा वह्या कपाटात पडून असतील तर त्यांना वाळवी लागू देऊ नका.

पाचवं काम पालकांचं. आमची मोठी पालकसभा पूर्वी जानेवारीत व्हायची. तेव्हा निम्मे पालक उसाच्या फडात असायचे. आता ती दसऱ्याच्या आधी घेतो, मुकादमाची गाडी यायच्या आत. कोणाला उपदेश करत नाही. उचल का घेता, असं विचारायला माझं पोट भरलेलं आहे, त्यांचं नाही. एकच मागणं मागतो: “दिवाळीच्या सुटीतही मूल आमच्याकडे ठेवा, आणि धाकट्यांना सांभाळायला दुसरं कोण आहे ते आत्ता ठरवू.” कधी मावशी मिळते, कधी आजी तयार होते, कधी धाकट्या भावंडालाही आम्ही ठेवून घेतो. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तर अठरा वर्षांच्या कायद्याबद्दल मी बोलतेच, पण त्याआधी तिच्या वहीतलं उजवं पान आईला वाचून दाखवते. कायद्यापेक्षा ते पान जास्त काम करतं, असा माझा अनुभव आहे.

मग दुसऱ्या सत्रात एक दिवस आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेतो. एक कॉलेज, एक आयटीआय, एक पॉलिटेक्निक, एक नर्सिंग स्कूल. नुसतं बघायला. मागच्या वर्षी एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, “चपला कुठे काढू?” मी हसले नाही. ज्या दारात आपल्या घरचं कोणी कधी गेलं नाही, तिथे पाऊल टाकताना असंच होतं. ते पाऊल नववीत पडलेलं बरं.

बंधु-भगिनींनो, तुमच्यापैकी पुष्कळांचे आजी-आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले. त्यांच्यानंतर तुमच्या घरात शिक्षक झाले, परिचारिका झाल्या, बँकेत लागले. आज तुमची नात नववीत गेली की घरातली चार माणसं तिला सांगायला आहेत: कुठला क्लास, कुठली शाखा, कुठला फॉर्म. आमच्या मुलांच्या घरी प्रेम आहे, कष्ट आहेत, विश्वास आहे. हे सांगणारं मात्र कोणी नाही. ते आपण व्हायचं आहे.

म्हणून माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. पहिलं, एखाद्या मुलाला मदत करायची तर एक वर्षाची करू नका, नववी ते बारावी अशी चार वर्षांची धरा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण अकरावीच्या जुलैत ती थांबू नये. आमचं मूल पडतं ते तिथेच. दुसरं, तुमच्यातले जे तहसीलमधून, शाळेच्या कार्यालयातून, बँकेतून निवृत्त झालेत, त्यांनी जुलैत एक आठवडा आमच्याकडे येऊन राहावं. तुम्हांला जो अर्ज डोळे मिटून भरता येतो, त्यापायी आमचं एक अख्खं वर्ष जातं. तिसरं, तरुण संघातल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी शनिवारी एक तास फोनवर इंग्रजी विज्ञान वाचून घ्यावं. आणि प्रार्थना करताना दहावीच्या परीक्षेसाठी मार्चमध्ये करता तशी नववीच्या लेकरांसाठी जूनमध्ये करा. त्यांची परीक्षा तेव्हाच सुरू झालेली असते.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. मी गेले होते. तिनं मला वाढलं, हसली, काही बोलली नाही. मीही बोलू शकले नाही.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती वसतिगृहाच्या फाटकात उभी होती. कडेवर लेक, आणि मागे तिचा धाकटा भाऊ, नववीत गेलेला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत वडिलांचा दाखला, आजोबांच्या जमिनीचा उतारा, रेशनकार्ड, सगळं घडी घालून ठेवलेलं. आठ वर्षांपूर्वी ज्या कागदांपायी ती अडली, ते तिनं एकटीनं फिरून, एकेक करून जमवले होते. ती म्हणाली, “बाई, माझं राहिलं. याचं नववीतच बघा.”

तो मुलगा आता आमच्या 11 जणांत आहे. त्याला डॉक्टर वगैरे व्हायचं नाही. गावात पाण्याची मोटर बिघडली की तो तिच्याजवळ बसून राहतो. त्याच्या वहीच्या उजव्या पानावर ‘इलेक्ट्रिकल डिप्लोमा’ असं लिहिलंय, आणि खाली पेन्सिलने ‘किंवा आयटीआय’. अपूर्णांक त्यालाही येत नव्हते, आता येतात. शाळेतल्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज ऑगस्टमध्ये गेला आहे. बहीण दर रविवारी फोन करून आधी कागदांचं विचारते, मग भावाचं.

बुरूज पुरा होईल की नाही, हे देवाच्या हाती आहे. पण या वेळी आम्ही बसून हिशेब केला आहे. त्या हिशेबात तुमचाही एक आकडा असू द्या.